टीव्हीचे हाय व्होल्टेज पार्ट, मिश्र लॉट : खोक्यातून नेमकं काय निघतं

भंगारात निघालेल्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून काढलेले पार्ट ‘हाय व्होल्टेज, मिश्र’ एवढ्या चिठ्ठीवर विकले जातात. त्यातलाच हा एक खोका. आधी निकाल सांगून टाकतो. ईएचटी ट्रान्सफॉर्मर (पिक्चर ट्यूबला लागणारं हाय व्होल्टेज तयार करणारा) आणि पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर यांच्यासाठी लॉट घ्यावा, ट्रान्झिस्टर मिळाले तर वरकड समजावेत, ट्रिपलर (व्होल्टेज तिप्पट करणारा ठोकळा) आणि रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या) काड्या तपासल्याशिवाय हिशेबात धरू नयेत. पाचपैकी साडेतीन गुण.

कापलेल्या दीड गुणाचं कारण पार्ट खराब निघाले हे नाही. ते काढले कसे, हे आहे. निम्मे ईएचटी बोर्डावरून पक्कडीने उपटलेले आहेत, पिना वाकलेल्या, दोन ठिकाणी बुडाशी तुटलेल्या. ईएचटीभोवतीचा बोर्डाचा दोन-तीन बोटं रुंदीचा तुकडा तसाच कापून दिला असता, तर कोणती पीन आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जाते, बी-प्लस (मुख्य डीसी पुरवठा) कुठून येतो, फ्लायबॅकचा (कलेक्टरवरच्या पल्सची उंची ठरवणारा) कपॅसिटर किती मूल्याचा होता, हे नुसते ट्रॅक बघून कळलं असतं. आता तेच काम मीटर घेऊन पीन-पीन शोधत करावं लागतं. होतं, पण एका ट्रान्सफॉर्मरला अर्धा तास जातो.

खोका उघडल्यावर पहिलं काम म्हणजे त्यातले सगळे कपॅसिटर मोकळे करणं. इथे बहुतेकांची भीती चुकीच्या जागी असते. पिक्चर ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटर असते, साधारण २००० पिकोफॅरडची. २५ किलोव्होल्टला तिच्यात सुमारे ०.६ ज्यूल साठतात. झटका जबर बसतो, हात उडतो, हातातली ट्यूब पडून फुटते. पण पॉवर सप्लायमधला २२० मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा साधा दिसणारा इलेक्ट्रोलायटिक ३२५ व्होल्टला ११ ज्यूलहून जास्त धरून बसतो. जिवावर बेततं ते त्याच्यामुळे. सप्लायचा बोर्ड लॉटमध्ये आला असेल तर आधी तो कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करायचा आणि मीटरने शून्य बघायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये. ठिणगीने टोकं जळतात आणि कपॅसिटरच्या आतल्या जोडाला मार बसतो. ट्यूबसोबत लॉट असेल तर एनोड (ट्यूबवर जाड लाल वायर जोडायची जागा) एकदा मोकळा करून भागत नाही, कारण काचेत मुरलेला चार्ज थोड्या वेळाने पुन्हा वर येतो. एनोड आणि बाहेरचा काळा ग्राफाइट लेप यांच्यात जंपर लावूनच ठेवावा.

आता खोक्यातला मुख्य माल, ईएचटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. यात दोन घराणी आहेत आणि ती नजरेनेच ओळखता येतात. जाड लाल वायर, टोकाला रबरी कप, अंगावर फोकस आणि स्क्रीन लिहिलेली दोन बटणं, खाली गोलाकार दहाएक पिना, सगळं अंग इपॉक्सीत ओतलेलं, असा असेल तर तो डायोड-स्प्लिट प्रकार. त्यात हाय व्होल्टेजचे डायोड वाइंडिंगच्या तुकड्यांमध्येच बसवलेले असतात, त्यामुळे वायरीतून सरळ डीसी निघतो. दुसरा जुना प्रकार : फेराइटच्या चौकटीवर एका बाजूला प्रायमरी आणि तिच्याभोवती किंवा शेजारी टायरसारखी अरुंद, जाड हाय व्होल्टेज वाइंडिंग. बारीक वायर बाहेर येते आणि ती रेक्टिफायर व्हॉल्व्हला, काडीला किंवा ट्रिपलरला जाते. यातून एसी पल्स निघतात. या लॉटमध्ये पहिल्या प्रकारचे जास्त, दुसऱ्या प्रकारचा एकच. ज्यांना एसी आउटपुट हवा आहे त्यांच्यासाठी तो एकटाच अर्ध्या लॉटच्या तोडीचा आहे, कारण हे आता सहजी मिळत नाहीत.

किती व्होल्टचा, हे अंगावर छापलेलं नसतं. अंदाज कोणत्या संचातून निघाला त्यावरून बांधायचा : १२ इंची कृष्णधवल संचात १० ते १२ किलोव्होल्ट, १४ इंची रंगीत संचात २२ ते २४, २० - २१ इंची रंगीतमध्ये २५ च्या आसपास, त्याहून मोठ्या पडद्यांना ३० पर्यंत. फोकस आणि स्क्रीनची बटणं अंगावर असतील तर तो बहुधा रंगीतच. पण लेबलवरचा नंबर धुऊन पुसून टाकू नका. त्या नंबरावरूनच पिनांचा नकाशा शोधता येतो. या खोक्यातल्या दोन ईएचटींवरचं लेबल थिनरने पुसलेलं आहे, हे अक्षम्य आहे.

ईएचटीची रिटर्न पीन शोधायची युक्ती. साध्या मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर लाल वायर आणि पिना तपासल्या तर सगळीकडे ‘ओपन’ दिसतं आणि लोक चांगला ट्रान्सफॉर्मर फेकून देतात. आतला डायोड म्हणजे सिलिकॉनच्या कित्येक चकत्यांची एकावर एक रचलेली उतरंड. तिला चालू व्हायला दोन-अडीच व्होल्ट नाही, कैक व्होल्ट लागतात. म्हणून ५० - ६० व्होल्टचा डीसी सप्लाय घ्या आणि त्याच्या पॉझिटिव्हला १०० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. डिजिटल मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल वायरीचं टोक आणि सप्लायचा निगेटिव्ह यांच्यामध्ये जोडा. आता पॉझिटिव्ह एकेका पिनेला लावत जा. बरोबर पिनेवर सप्लायपेक्षा कमी पण ठळक व्होल्टेज दिसतं. सप्लायची टोकं उलटी केली की ते नाहीसं झालं पाहिजे. उलट-सुलट दोन्हीकडे सारखंच येत असेल तर आतला डायोड शॉर्ट, तो ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवा. एखाद्या पिनेवर अगदी फिकट, व्होल्ट-दोन व्होल्टचं वाचन मिळालं तर फसू नका. ती फोकसच्या रेझिस्टर साखळीची वाट आहे, जी शेकडो मेगाओहमची असते.

वाइंडिंगमध्ये एखादा वेढा शॉर्ट झाला असेल तर तो ओहममध्ये कधीच दिसत नाही. प्रायमरी एक-दोन ओहमचीच असते, त्यात एका वेढ्याने काय फरक पडणार? यासाठी रिंग टेस्ट. ऑसिलोस्कोपच्या कॅलिब्रेशनचा स्क्वेअर वेव्ह छोट्या, नॅनोफॅरडच्या आसपासच्या कपॅसिटरमधून प्रायमरीला द्यायचा आणि तिथेच प्रोब लावायचा. चांगला ट्रान्सफॉर्मर घंटेसारखा वाजतो : आठ-दहा लहरी हळूहळू विरताना मोजता येतात. शॉर्ट वेढा असेल तर दोन-तीन उंचवटे आणि सपाट रेघ. आपली जोडणी बरोबर आहे का, याची खात्री करायचीही सोपी रीत आहे. जाड तांब्याच्या तारेचा एकच वेढा फेराइटच्या उघड्या पायाभोवती घालून टोकं जुळवा. पडद्यावरची रिंग तिथल्या तिथे कोसळली पाहिजे, टोकं सोडली की परत उभी राहिली पाहिजे. कोसळली नाही तर ट्रान्सफॉर्मरला दोष देण्याआधी आपली जोडणी तपासा. या खोक्यातले पाच डायोड-स्प्लिट असे तपासले. चार वाजले, एक मुका निघाला. मुक्याच्या इपॉक्सीवर भिंगाने पाहिलं तर टाचणीच्या टोकाएवढं काळं छिद्र आणि त्याभोवती तपकिरी कडं. तिथून कोअरला ठिणगी उडत होती. असं छिद्र दिसलं तर वरून सिलिकॉन किंवा अॅराल्डाइट लावून वापरू नये. आतला मार्ग कोळसा झालेला असतो, तो पुन्हा फुटतो.

ट्रिपलर म्हणजे काळा किंवा तपकिरी प्लास्टिकचा चपटा ठोकळा, त्यातून एक जाड वायर एनोडला, आणि इनपुट, अर्थ, फोकस अशी दोन-चार टोकं. ट्रान्सफॉर्मरकडून आलेल्या ८ - ८.५ किलोव्होल्टच्या पल्सचे तो २५ किलोव्होल्ट करतो. आत सहसा पाच डायोड आणि तेवढेच, किंवा एखादा कमी, कपॅसिटर. लॉट विकणारे याला हमखास ‘हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर’ म्हणतात. तो ट्रान्सफॉर्मर नाही, त्याला एसी दिल्याशिवाय काही होत नाही, आणि डायोड-स्प्लिटच्या डीसी वायरीला जोडला तर निरुपयोगी. तपासणी इन्सुलेशन टेस्टरवर, ५०० व्होल्टच्या रेंजला : टेस्टरचा पॉझिटिव्ह इनपुटला आणि निगेटिव्ह जाड वायरीला लावला की वाट मिळाली पाहिजे, उलट लावला की काटा अनंतावर. (काही टेस्टरांची टोकांची खूण उलटी असते, आधी साध्या डायोडवर पाहून घ्या.) दोन्हीकडे अनंत म्हणजे आत कुठेतरी तुटलंय. तपासल्यावर टोकं शॉर्ट करा, कारण आतले कपॅसिटर चार्ज धरतात. ट्रिपलरचा ठरलेला आजार म्हणजे आतली गळती. ती कमी व्होल्टला दिसत नाही. पाच मिनिटं चालवून बंद केल्यावर ठोकळ्याचा एकच कोपरा कोमट लागत असेल किंवा ओझोनचा तिखट वास येत असेल, तर त्याचे दिवस भरले. प्लास्टिक फुगलेलं, भेगाळलेलं असेल तर तपासायचीही तसदी घेऊ नये. या लॉटमधल्या दोनपैकी एक तसाच होता.

काड्यांविषयी. पेन्सिलएवढी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेली काडी सेलेनियम रेक्टिफायर असण्याची शक्यता मोठी. सिलिकॉनची त्याच कामाची काडी फार बारीक आणि आखूड असते. सेलेनियममध्ये शेकडो चकत्या रचलेल्या असतात, म्हणून मल्टिमीटरला ती कायम ओपन वाटते. काळानुसार तिचा पुढचा रोध वाढतो आणि करंट फार थोडा पेलते. जळाली तर कुजक्या मुळ्यासारखा उग्र वास येतो. तो धूर विषारी आहे, खोली सोडून बाहेर पडा. शोकेससाठी ठेवा, सर्किटमध्ये नवी सिलिकॉनची लावा.

व्हॉल्व्ह असतील तर त्यांचा नंबरच ओळखपत्र असतो. युरोपीय पद्धतीत पहिलं अक्षर हीटर सांगतं, दुसरं काम. डीवाय८६, डीवाय८०२ : डी म्हणजे १.४ व्होल्टचा हीटर, वाय म्हणजे रेक्टिफायर. ईवाय८६ चा हीटर ६.३ व्होल्टचा. पीएल५०४ आणि पीवाय८८ मधला पी म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या सिरीज साखळीतला. एल म्हणजे पॉवर पेंटोड, इथे लाइन आउटपुटचा. पीवाय८८ हा डॅम्पर, म्हणजे पल्सनंतरची उलटी लहर दाबणारा डायोड. अमेरिकन १बी३ मध्ये सुरुवातीचा आकडा हीटरचे व्होल्ट सुचवतो. रेक्टिफायर व्हॉल्व्हचा हीटर ट्रान्सफॉर्मरवरच्या एखाद-दुसऱ्या वेढ्यावर चालतो आणि पूर्ण हाय व्होल्टेजवर तरंगत असतो, त्यामुळे त्याचा सॉकेटही इन्सुलेशनचा खास असतो. तो सॉकेट लॉटमध्ये मिळाला तर व्हॉल्व्हपेक्षा जास्त जपा. ६बीके४ किंवा पीडी५०० दिसला तर तो रंगीत संचाचा शंट रेग्युलेटर, म्हणजे हाय व्होल्टेज स्थिर ठेवणारा. हे २५ किलोव्होल्टला चालताना क्ष-किरण सोडतात आणि म्हणूनच त्यांना धातूच्या पेटीत ठेवलेलं असायचं. १९६७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या पडद्याच्या रंगीत संचांमधून याच भागाकडून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघत असल्याचं उघडकीला आलं आणि पुढच्याच वर्षी तिथे किरणोत्सर्जनाविषयीचा कायदा झाला. पेटीशिवाय हे व्हॉल्व्ह कोणत्याही प्रयोगात चालवू नयेत.

आउटपुट ट्रान्झिस्टरांत या लॉटचं खरं आश्चर्य मिळालं, आणि तेही विकणाऱ्याने ‘शॉर्ट’ लिहिलेल्या पिशवीत. बीयू२०८ डी, बीयू५०८ डी, डी१५५५ अशा ट्रान्झिस्टरांत कलेक्टर-एमिटरमध्ये डॅम्पर डायोड आणि बेस-एमिटरमध्ये काही दशक ओहमचा रेझिस्टर आतच बसवलेला असतो. मीटरवर बेस-एमिटर बीप वाजतो आणि माणूस म्हणतो, गेला. ओहमच्या रेंजवर ३० ते ५० ओहम स्थिर दिसलं तर तो गेलेला नाही, तो ‘डी’ प्रकारचा आहे. शून्याजवळ आलं तरच शॉर्ट. त्या पिशवीतल्या नऊपैकी सहा निरोगी निघाले. उलट, बीयू२०८ ए किंवा बीयू५०८ ए मध्ये हा रेझिस्टर नसतो. तिथे बीप वाजला तर खरोखर टाकाऊ. सगळ्यांचं नाव १५०० व्होल्टचं, पण तो आकडा बेस-एमिटर बांधलेल्या अवस्थेतला आहे. बेस मोकळा ठेवला तर बीयू२०८ ७०० व्होल्टपर्यंतच. तपासताना बेस-एमिटर तारेने शॉर्ट करून, टेस्टरचा पॉझिटिव्ह कलेक्टरला लावून १००० व्होल्टला गळती पाहावी. टीओ-३ च्या धातूच्या बीयू२०८ मध्ये कव्हर म्हणजेच कलेक्टर, हे विसरून हात लावू नये.

कपॅसिटरच्या पिशवीत सोनं आहे, पण गाळ उपसून. कलेक्टरजवळचा फ्लायबॅक कपॅसिटर बहुधा लाल, तपकिरी किंवा हिरवट चौकोनी पुडीसारखा, काही नॅनोफॅरडचा, १६०० किंवा २००० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन. ‘८२२’ म्हणजे ८२०० पिकोफॅरड. हा पार्ट सेकंदाला १५,६२५ वेळा हजारेक व्होल्टचा पल्स झेलतो. तिथे तेवढ्याच व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा सिरॅमिक डिस्क लावला तर तो आतून तापतो आणि फुटतो. ओपन झाला तर आणखी वाईट : पल्सची उंची वाढत जाते, एनोडचं व्होल्टेज चढतं, आणि क्षणात ट्रान्झिस्टर बळी जातो. म्हणून याचं मूल्य कपॅसिटन्स मीटरवर मोजा आणि छापलेल्यापेक्षा ५ टक्क्यांहून कमी भरला तर टाका. शेजारचा ०.३३ ते ०.६८ मायक्रोफॅरड, २०० ते ४०० व्होल्टचा मोठा कपॅसिटर हा एस-करेक्शनचा, म्हणजे पडद्याच्या कडांना चित्र ताणू न देणारा. हाय व्होल्टेजचा नाही, पण करंट चांगला पेलतो. निळ्या डिस्कवर ‘१०२ ३ केव्ही’ असेल तर १००० पिकोफॅरड, ३ किलोव्होल्ट. तशाच निळ्या डिस्कवर सुरक्षा-चिन्हांची गर्दी आणि ‘वाय’ अक्षर असेल तर तो मेन्सचा (घरच्या वीजपुरवठ्याच्या बाजूचा), वेगळा ठेवा.

रेझिस्टर मात्र कुणी बघतच नाही. फिकट निळ्या अंगाचा रेझिस्टर, व्हीआर३७ किंवा त्याहून लांब व्हीआर६८, हे मेटल-ग्लेझचे आहेत : पहिला ३५०० व्होल्ट, दुसरा १०,००० व्होल्ट. पट्ट्या नीट पाहा. साध्या रेझिस्टरवर शेवटी सोनेरी किंवा चंदेरी पट्टा असतो. इथे त्या जागी पिवळा किंवा करडा असतो. सोनेरी-चंदेरी रंगात धातूचा चुरा असतो आणि हाय व्होल्टेजला तोच वाट करून देतो, म्हणून रंग बदललेला. शेवटची पट्टी पिवळी दिसली की तो रेझिस्टर बाजूला काढा. हाय व्होल्टेज मोजायचा स्वतःचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी रेझिस्टरांची साखळी) बनवायचा तर असेच दहा-बारा लागतात. तळहाताने पुसू नका, घामाचा थर गळतीला पुरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा.

लाल वायर आणि कप : सिलिकॉनची वायर वाकवली तर मऊ राहते, जुन्या पीव्हीसीवर बारीक भेगा पडतात. कप आतून उलटा करून पाहा. पांढरट भुकटी किंवा तडा म्हणजे टाकायचा.

आणि आता खोक्यातला परका माल. डबीसारखी डिगॉसिंगची (पडद्यातलं चुंबकत्व घालवणारी) पॉझिस्टर ही हाय व्होल्टेज नाही. चपटी आयताकृती ६४ मायक्रोसेकंदांची काचेची डिले लाइनही (रंगाचा सिग्नल एका रेघेएवढा उशिरा देणारी) नाही. बारीक, लांबट ट्रान्सफॉर्मर आणि २२ पिकोफॅरड, ३ किलोव्होल्टचे चिप कपॅसिटर असलेली पट्टी एलसीडीच्या बॅकलाइटची. हजार व्होल्टच्या घरातली, कामाची आहे पण वेगळ्या डबीत ठेवा. गंभीर गोष्ट वेगळीच : तळाशी एक चपटा अंडाकृती धातूचा डबा निघाला, २१०० व्होल्ट एसी, १ मायक्रोफॅरड. तो टीव्हीचा नाहीच, मायक्रोवेव्ह ओव्हनचा आहे. चार ज्यूलहून जास्त ऊर्जा, शिवाय त्याच्यासोबतचा ट्रान्सफॉर्मर शेकडो मिलिअँपिअर देऊ शकतो. टीव्हीचा ईएचटी मिलिअँपिअरच्या आसपास दमतो, हा दमत नाही. ‘हाय व्होल्टेज’ या एकाच शब्दाखाली हे दोन शेजारी विकणं धोक्याचं आहे आणि विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगायला हवं.

पुढचा लॉट मागवताना तीन गोष्टी लेखी मागा. ईएचटीभोवतीचा बोर्ड चारही बाजूंनी किमान दोन इंच राखून कापलेला असावा, त्यात आउटपुट ट्रान्झिस्टर आणि फ्लायबॅक कपॅसिटर जागेवरच असावेत. लाल वायर कपासकट पूर्ण लांबीची असावी, मधून कापलेली नको. आणि प्रत्येक तुकड्यावर संचाचा मॉडेल नंबर व पडद्याचं माप मार्करने लिहिलेलं असावं. लेबल पुसलेले ट्रान्सफॉर्मर परत घेतले जातील का, हेही त्याच चिठ्ठीत विचारून घ्या.